आधी पैसे, मग कॅसेट

परवा ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिताना आमच्यातला एक जण ठासून म्हणाला, "अ‍ॅनिमेच्या डीव्हीडीचा धंदा टोरंटने खाल्ला." बाकीच्यांनी माना डोलावल्या, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो तसाच राहिला, कारण हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात व्हीएचएस कॅसेटी आहेत, टपालाची पाकिटं आहेत, विकून टाकलेली एक गिरणी आहे आणि दुकानांतून परत आलेल्या मालाचे ढीग आहेत. दिवसभर डिलिव्हरी, इन्व्हेंटरी, डेडलाइन हेच ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट नक्की जवळची वाटेल. म्हणून हा वीकांत तिच्यावर घालवला.

सुरुवात जपानपासून करू. डिसेंबर १९८३ मध्ये तिथे 'डॅलोस' नावाची मालिका आली, ती थेट व्हिडिओ कॅसेटवर. ना थिएटर, ना टीव्ही. तिच्या दिग्दर्शनात मामोरू ओशी होते, म्हणजे पुढे 'घोस्ट इन द शेल' करणारे तेच. थेट कॅसेटसाठी बनवलेल्या अशा अ‍ॅनिमेला ओव्हीए म्हणायला लागले. टीव्हीवर काही दाखवायचं तर प्रायोजक लागतो आणि प्रायोजकाला लाखो डोळे लागतात. कॅसेटला तसं काही लागत नाही. काही हजार माणसं भरपूर पैसे मोजायला तयार असली की भागलं. थोड्यांना महाग विकायचं, हे गणित तिथे घट्ट रुजलं. पुढे डीव्हीडी आल्यावरही जपानात दोन भागांच्या एका डिस्कला पाच ते सात हजार येन पडत. हा आकडा लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

आता अमेरिका. तिथे जपानी कार्टूनचे शौकीन १९७७ पासून लॉस एंजेलिसमध्ये एक क्लब चालवत होते, कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन नावाचा. त्यांना एक फायदा फुकटात मिळाला होता. अमेरिका आणि जपान दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एकच, एनटीएससी. त्यामुळे टोकियोत रेकॉर्ड केलेली कॅसेट कॅलिफोर्नियातल्या व्हीसीआरमध्ये घातली की सरळ चालायची. मग पत्रमैत्री जमवायची, आपण इकडून 'स्टार ट्रेक' रेकॉर्ड करून पाठवायचं, त्याने तिकडून अ‍ॅनिमे पाठवायचा. आपल्याकडे पाल पद्धत. तीच कॅसेट पुण्या-मुंबईतल्या साध्या व्हीसीआरवर लावली असती तर धड चित्र दिसलं नसतं. एका तांत्रिक योगायोगामुळे एका देशात चाहत्यांची अख्खी चळवळ उभी राहते आणि दुसऱ्या देशात लोक रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदी मोगली बघतात, तेही तो जपानी आहे याचा पत्ता नसताना. असो.

भाषा कळत नव्हती ही पुढची अडचण. सुरुवातीला लोक कथासार टाइप करून त्याच्या झेरॉक्स वाटायचे आणि हातात कागद धरून सिनेमा बघायचे. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉमडोर कंपनीचा अमिगा कॉम्प्युटर कामी आला. त्याला जेनलॉक नावाचं यंत्र जोडलं की चालू व्हिडिओवर अक्षरं उमटवता येत. शक्यतो लेझरडिस्क मूळ प्रत म्हणून घ्यायची, भाषांतर करायचं, ओळीमागून ओळ वेळेवर सोडायची आणि ते दुसऱ्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करायचं. ह्याला फॅनसब म्हणत. ज्याला हवं असेल त्याने कोऱ्या कॅसेटी आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट पाठवायचं. यूजनेटवर 'रेक डॉट आर्ट्स डॉट अ‍ॅनिमे' नावाचा चर्चागट होता, कोणाकडे काय आहे ते तिथे कळायचं. म्हणजे मागणी ऑनलाइन आणि डिलिव्हरी पोस्टमनकडून! प्रतीवरून प्रत काढत गेलं की तिसऱ्या-चौथ्या पिढीत रंग फुटायचे आणि अक्षरं थरथरायची. पण कॅसेटवर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहिलेलं असे, आणि एखाद्या मालिकेचे अमेरिकी हक्क कुणी विकत घेतले की तिचं वाटप थांबवायचं असा संकेत होता. सगळे पाळत होते अशातला भाग नाही. पण संकेत होता.

हे हक्क विकत घेणारे पहिले लोक कोण होते? इथे मला फार मजा वाटते, कारण त्यांत आपलेच जातभाई निघतात.

रॉबर्ट वुडहेड हा प्रोग्रामर. १९८१ साली त्याने अँड्र्यू ग्रीनबर्गबरोबर 'विझर्ड्री' हा कॉम्प्युटर गेम लिहिला. तो जपानात तुफान चालला, त्या निमित्ताने वुडहेडचं जपानशी नातं जुळलं. १९८८ मध्ये त्याने आणि 'विझर्ड्री'च्याच चमूतल्या रो अ‍ॅडम्सने मिळून अ‍ॅनिमाइगो ही कंपनी काढली. १९८९-९० च्या सुमारास 'मॅडॉक्स-०१' ही त्यांची पहिली कॅसेट आली, मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल्स. पुढे त्यांनी १९५ भागांची 'उरुसेई यात्सुरा' अंगावर घेतली. ही मालिका जपानी शब्दकोट्या आणि सणवारांनी इतकी गच्च भरलेली, की कंपनी कॅसेटबरोबर टिपांचा कागद द्यायची. कुठला विनोद कशावर आहे, अमुक पदार्थ म्हणजे काय, हे सगळं त्यात. पु.लं.चं भाषांतर करणाऱ्याला जे वाटेल तेच त्यांना वाटलं असणार.

दुसरा गेन फुकुनागा, टँडेम कॉम्प्युटर्समधला सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याचे मामा-काकांपैकी कुणी एक नागाफुमी होरी हे जपानच्या तोएई कंपनीत निर्माते होते. ते म्हणाले, तू कंपनी काढ, भांडवल उभं कर, 'ड्रॅगन बॉल'चे अमेरिकेतले हक्क मिळवून देतो. भांडवल आणायचं कुठून? ऑफिसातला सहकारी डॅनियल कोकॅनॉगर याच्या घरची टेक्सासमध्ये पशुखाद्याची गिरणी होती. फुकुनागाने त्या कुटुंबाला ती विकून पैसे ह्यात घालायला राजी केलं! १९९४ मध्ये फनिमेशन उभी राहिली ती अशी. आपल्याकडे क्युबिकलमधल्या सहकाऱ्याच्या वडिलांना कुणी "काका, पेंडीची गिरणी विका आणि कार्टूनमध्ये पैसे घाला" म्हणून बघावं.

बाकीच्यांची नावं भराभर घेतो. कार्ल मॅकेक आणि जेरी बेकची स्ट्रीमलाइन पिक्चर्स, जिने 'अकिरा' अमेरिकेत आणला. न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क मीडिया, १९९०. ह्यूस्टनची एडीव्ही, १९९२. आणि आयोवा राज्यातलं १९८७ चं राइट स्टफ, शॉन क्लेकनरचं. त्यांनी साठच्या दशकातला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' कॅसेटवर आणला, पण त्यांची खरी ओळख म्हणजे टपालाने अ‍ॅनिमे विकणारं दुकान. सगळ्या कंपन्यांच्या कॅसेटी एका कॅटलॉगमध्ये, आणि आंतरजाल आल्यावर त्याच कॅटलॉगचं संस्थळ झालं.

आता किमती. नव्वदच्या दशकात एका कॅसेटवर टीव्ही मालिकेचे साधारण दोन भाग असत आणि किंमत तीस डॉलरच्या आसपास. 'इव्हँजेलियन'चे २६ भाग एडीव्हीने तेरा कॅसेटींत काढले. तेराही घ्यायच्या तर चारशे डॉलरच्या घरात हिशेब जायचा. त्यातही एक विचित्र गोष्ट होती. इंग्रजी आवाज भरलेली कॅसेट स्वस्त आणि सबटायटलवाली महाग. आवाज भरायला कलाकार, स्टुडिओ, दिग्दर्शक, सगळं लागतं. सबटायटलला एक भाषांतरकार आणि एक कॉम्प्युटर. मग उलटं का? कारण इंग्रजीवाली कॅसेट मॉलमधल्या दुकानात कितीतरी पट खपायची, खर्च वाटला जायचा. सबटायटलवाली घेणारे कट्टर मोजकेच, आणि ते काही सोडून जाणार नाहीत हे कंपनीला पक्कं ठाऊक. व्हीएचएसवर दोन्ही एकत्र मावत नसल्याने एकाच मालिकेच्या दोन दोन आवृत्त्या काढाव्या लागायच्या आणि दुकानदाराला फळीवर दोघींना जागा द्यावी लागायची. तो अर्थातच इंग्रजीवाली ठेवायचा.

आणि इथेच, माझ्या मते, गोष्टीला दोन फाटे फुटतात.

पहिली वाट टपालाची. गिऱ्हाईक ऑर्डर देतं, पैसे भरतं, मग कॅसेट निघते. किती प्रती लागतील याचा अंदाज बराचसा आधी येतो. आपल्याकडे जाडजूड ग्रंथांसाठी 'प्रकाशनपूर्व सवलत' असते ना, साधारण त्याच जातकुळीचं. आपल्या भाषेत बोलायचं तर पुल मॉडेल.

दुसरी वाट मॉलची. अमेरिकेत सनकोस्ट नावाची दुकानांची साखळी होती, म्युझिकलँड कंपनीची. व्हिडिओ विकणारी ही दुकानं मॉलमध्ये असत आणि तिथे अ‍ॅनिमेला वेगळा कोपरा असे. लाखो अमेरिकन पोरांनी अ‍ॅनिमे पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर, पण विकत घेतला तो ह्या कोपऱ्यातून. ह्या वाटेचा नियम वेगळा. माल आधी फळीवर जातो, पैसे नंतर येतात, आणि जे खपणार नाही ते परत येतं. परतीच्या बोलीवर दिलेला माल. दिवाळी अंकांचा धंदा जवळून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे कंपनीच्या वहीत जी विक्री दिसते त्यातली खरी किती आणि दुकानाच्या फळीवर नुसतीच बसलेली किती, हे काही महिने कळतच नाही.

चढती बाजू असते तेव्हा ह्याची कुणी फिकीर करत नाही. आणि बाजू जोरात चढत होती. ऑगस्ट १९९६ मध्ये 'घोस्ट इन द शेल'ची कॅसेट बिलबोर्डच्या व्हिडिओ विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, अ‍ॅनिमेच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. १९९८ मध्ये पोकेमॉन आला, त्याच सुमारास कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' सुरू झाला आणि गिरणी विकणाऱ्यांचं सोनं झालं. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली होती. तिच्यात आठपर्यंत आवाजाचे ट्रॅक आणि बत्तीसपर्यंत सबटायटल्सचे ट्रॅक मावतात. एका फटक्यात दोन आवृत्त्यांचा घोळ संपला, एका डिस्कवर चार-पाच भाग बसायला लागले आणि दुकानदाराच्या फळीवर दुप्पट मालिका मावू लागल्या.

डीव्हीडीबरोबर रीजन कोडचं लोढणं आलं. अमेरिका १, जपान २, भारत ५. सिनेमावाल्यांनी हे आपल्या सोयीसाठी केलं होतं, पण अ‍ॅनिमेवाल्यांना ते आयतंच उपयोगी पडलं. मघाशी सांगितलेला जपानी आकडा आठवा. तिथे सहा हजार येनला दोन भाग, इथे तीस डॉलरला चार. मग जपानी गिऱ्हाईक अमेरिकन डिस्कच का मागवणार नाही? रीजन कोडमुळे ते थोडं अवघड व्हायचं. पुढे ब्लू-रेमध्ये जपान आणि अमेरिका दोघंही 'ए' गटात गेले आणि ही उलट आयातीची धास्ती कायमची मानगुटीवर बसली. भारत 'सी' गटात, आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं. माझा मामेभाऊ २००८ साली ऑनसाइटहून येताना न्यू जर्सीच्या मॉलमधून 'काउबॉय बीबॉप'चा बॉक्स घेऊन आला होता. घरच्या डीव्हीडी प्लेअरने तो साफ नाकारला. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा, पाचव्यानंतर जो असेल तो कायमचा. घरात हिंदी सिनेमाच्या डिस्कही असायच्या, त्यामुळे एकदा बदल करण्याआधी कुटुंबात चर्चा व्हायची :-)

तर, चढती बाजू. २००० नंतर जपानी कंपन्यांनी हक्कांच्या किमती वाढवल्या, कारण अमेरिकन कंपन्या एकमेकींवर बोली चढवत होत्या. मालिका जास्त, डिस्क जास्त, फळी तेवढीच. मे २००५ मध्ये नव्हार या वितरक कंपनीने फनिमेशन विकत घेतली ती शंभर दशलक्ष डॉलरहून अधिक मोजून. आणि जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँडने दिवाळखोरी जाहीर केली.

ह्या घटनेकडे टोरंटवाल्या गोष्टीत कुणी बघतच नाही. अ‍ॅनिमेची सगळ्यात मोठी फळी ज्यांच्याकडे होती ती साखळीच कोसळली. म्युझिकलँड बुडाली ती मुख्यतः गाण्यांच्या सीडींचा धंदा बसल्यामुळे आणि मोठ्या सुपरमार्केटांनी डिस्क स्वस्तात विकायला लावल्यामुळे. अ‍ॅनिमेचा त्यात दोष नव्हता. पण येणं बुडालं, शेकडो दुकानं बंद झाली आणि परतीच्या बोलीवरचा माल परत यायला लागला. मे २००६ मध्ये सेंट्रल पार्क मीडियाने बरेच कर्मचारी कमी केले, एप्रिल २००९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर २००७ मध्ये जिनिऑनने अमेरिकेतलं वितरण थांबवलं. २००८ च्या सुरुवातीला एडीव्हीच्या यादीतून एकाएकी डझनावारी मालिका गायब झाल्या. जपानी भागीदार सोजित्झबरोबर फिसकटलं होतं, आणि त्यातल्या तीसहून अधिक मालिका त्याच वर्षी फनिमेशनकडे गेल्या. सप्टेंबर २००९ मध्ये एडीव्ही फिल्म्सही बंद. २०१२ मध्ये बँडाई एंटरटेनमेंटने नवीन डिस्क काढणं सोडलं. शंभर दशलक्षांना घेतलेली फनिमेशन नव्हारने एप्रिल २०११ मध्ये चोवीस दशलक्षांना विकली. घेणाऱ्या गटाच्या प्रमुखपदी कोण? गेन फुकुनागा. आपलीच कंपनी चौथाई भावात परत. आणि २०१७ मध्ये सोनीने तिचे ९५ टक्के भाग १४३ दशलक्षांना घेतले! इंजिनिअर माणसाने शेअरबाजारात टायमिंग कसं साधावं याचा हा वस्तुपाठ, मला ते आजवर जमलेलं नाही.

मग टोरंटचा काहीच हात नव्हता का? होता. बिटटोरंट २००१ मध्ये आलं आणि अमिगा-कॅसेटवाल्या फॅनसबचं रूपच बदललं. कॅसेट हातोहात जायची, तिला पिढ्यांची घसरण होती, तिकिटाचा खर्च होता. फाइलला ह्यातलं काही नाही. हजारावी प्रत पहिल्यासारखीच. जपानात गुरुवारी लागलेला भाग शनिवारी इंग्रजी अक्षरांसकट डाउनलोडला हजर, तीच मालिका अमेरिकन दुकानात यायला वर्ष-दीड वर्ष. हक्क विकले गेले की यादीतून काढायचं हा जुना संकेत काही संस्थळं तेव्हाही पाळायची, अ‍ॅनिमेसुकी हे त्यातलं नाव. पण वर्षभर आधीच पाहून झालेल्या मालिकेची तीस डॉलरची डिस्क किती जण घेणार? मला वाटतं टोरंटने नवीन गिऱ्हाईक तोडलं आणि परतीच्या मालाने जुना माल अंगावर आणला. एकट्या कुठल्याही धक्क्यातून ह्या कंपन्या सावरल्या असत्या. दोन्ही एकाच दोन-तीन वर्षांत बसले.

उत्तरार्ध आपल्या सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. २००६ मध्ये बर्कलीच्या पदवीधरांनी क्रंचीरोल काढलं, सुरुवातीला तिथे परवानगीविना चढवलेलेच व्हिडिओ असत. २००८ मध्ये त्यांना व्हेंचर भांडवल मिळालं, २००९ च्या जानेवारीपासून टीव्ही टोकियोशी करार करून जपानातल्या प्रक्षेपणापाठोपाठ 'नारुतो' अधिकृतपणे दिसायला लागला. २०२१ मध्ये सोनीने क्रंचीरोलची खरेदी पूर्ण केली, किंमत १.१७५ अब्ज डॉलर. २०२२ मध्ये क्रंचीरोलने राइट स्टफ विकत घेतलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते जुनं टपाली दुकान स्वतःच्या दुकानात विलीन करून बंद केलं. छत्तीस वर्षांचं दुकान.

फनिमेशनच्या डिस्कबरोबर एक कोड मिळायचा. तो टाकला की तीच मालिका तुमच्या खात्यात डिजिटल स्वरूपात यायची, आणि ती कायमची तुमची असेल अशा अर्थाचं आश्वासन असायचं. एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशनची सेवा बंद झाली तेव्हा हे डिजिटल कपाट क्रंचीरोलकडे आलं नाही. जागा अडते म्हणून कोड वापरून डिस्क विकून टाकणारे जे कोणी होते, त्यांच्याकडे आता काहीच नाही.

आणि अ‍ॅनिमाइगो? ती मॉलच्या शर्यतीत फार धावलीच नाही. छोटी राहिली, थोड्या मालिका, ठरलेलं गिऱ्हाईक. २०१३ मध्ये वुडहेडने 'बबलगम क्रायसिस' ही त्यांची जुनी ओव्हीए ब्लू-रेवर आणायला किकस्टार्टरवर ७५ हजार डॉलर मागितले. लोकांनी दीड लाखाहून जास्त भरले, डिस्क छापायच्या आधीच. २०२४ च्या सुरुवातीला त्याने कंपनी मीडियाओसीडी या ब्लू-रे तयार करणाऱ्या छोट्या कंपनीकडे सोपवली. तिचा मालक जस्टिन सेवाकिस. १९९८ साली, म्हणजे लोक अजून कॅसेटींची पाकिटं पाठवत होते तेव्हा, अ‍ॅनिमे न्यूज नेटवर्क सुरू करणारा तोच.